रॉटरडॅम की हेग? नोकरी बारेन्द्रेख्तला, घर कुठं बघावं?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये सांगलीतून नेदरलँड्सला जायचं पक्कं झालंय. कंपनी फळं आयात करणारी. ऑफिस आणि कोल्ड स्टोअर बारेन्द्रेख्तला, म्हणजे रॉटरडॅमच्या दक्षिणेला चिकटून. काम सप्लाय प्लॅनिंगचं. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर उतरतात, तेव्हा सकाळी सहाला हजर राहायचं. एरवी नऊ ते साडेपाच, आठवड्यातून एक दिवस घरून.

वय ३४. पगार महिना ६,२०० युरो ग्रॉस, आठ टक्के हॉलिडे पे वेगळा, ३० टक्के रुलिंगचा, म्हणजे पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणाऱ्या सवलतीचा, अर्ज कंपनी करणार आहे. बरोबर बायको, ती पुण्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, आणि साडेचार वर्षांची मुलगी. भाड्याला १,८०० युरोपर्यंत जाऊ शकतो.

एचआर म्हणते रॉटरडॅम बघा, जवळ पडेल. पाहुण्यांपैकी जो तो म्हणतो हेग बघा, शाळा चांगल्या, आपली माणसं जास्त, दूतावास तिथं, समुद्र तिथं. नकाशावर दोन्हीत पंचवीसेक किलोमीटर दिसतात, सांगली-तासगाव म्हणा. एवढ्याशा अंतराने खरंच काही फरक पडतो का? आणि घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न वेगळाच आहे: कृष्णेचा पूर सोडून समुद्रसपाटीच्या खाली राहायला निघालात काय? त्यालाही उत्तर द्यायचंय.

पैलतीर

अंतर सांगली-तासगावएवढं असलं तरी तुमचा प्रश्न सांगली-सांगलीवाडीचा आहे. नदीच्या कुठल्या अंगाला राहता, यावर सगळं ठरतं. बारेन्द्रेख्त मास नदीच्या दक्षिणेला. रॉटरडॅमचं सेंट्रल स्टेशन, झगमगाट आणि बहुतेक 'एक्स्पॅट' भाग उत्तरेला. म्हणजे रॉटरडॅममध्ये घर घेऊनसुद्धा रोज पूल ओलांडावा लागू शकतो.

रेल्वेचं आधी बघू. हेग सेंट्रल ते डोर्डरेख्त अशी स्प्रिंटर, म्हणजे थांबत जाणारी लोकल, धावते. हॉलंड्स स्पोर, मूरवेइक, रायस्वाइक, डेल्फ्ट, डेल्फ्ट कॅम्पस, स्खीडाम, रॉटरडॅम सेंट्रल, ब्लाक, झाउड, लोम्बार्दाइएन आणि मग बारेन्द्रेख्त. म्हणजे हेगहून गाडी न बदलता जाता येतं, पण पाऊण तासाच्या आसपास धरा. इंटरसिटीने रॉटरडॅमपर्यंत येऊन तिथं स्प्रिंटर पकडली तर काही मिनिटं वाचतात, आणि पहिली गाडी उशिरा आली की तीच मिनिटं फलाटावर जातात. रॉटरडॅम सेंट्रलहून बारेन्द्रेख्त पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर.

पण खरा घोळ स्टेशनवर उतरल्यावर होतो. फळं-भाज्यांची गोदामं स्टेशनाजवळ नाहीत. ती बारेन्द्रेख्त आणि रिडरकेर्कच्या मधे, हमरस्त्यांच्या कडेला आहेत. तिथं बसची सोय तुटपुंजी, सकाळी सहाच्या पाळीला तर धरूच नका. कंपनीकडून गोदामाचा नेमका पिनकोड घ्या. इथला पिनकोड चार आकडे आणि दोन अक्षरं असा असतो आणि थेट रस्त्यापर्यंत नेतो. मग ९२९२ या ॲपवर जानेवारीतल्या एखाद्या सोमवारी सकाळी ५:५० ला पोचायचं असं टाकून बघा. दिवसा अकराचा प्रवास बघून घर ठरवलं तर जानेवारीत फसाल.

सायकल हा इथं छंद नाही, वाहन आहे. लोम्बार्दाइएन किंवा आयसलमोंड भागातून गोदामं चार ते आठ किलोमीटर पडतात, ई-बाईकवर वीसेक मिनिटं. सायकल गाडीत नेता येईल असं मनात असेल तर काढून टाका: सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा साधी सायकल गाडीत चालत नाही. घडीची चालते, तिला तिकीटही नाही. दुसरा मार्ग म्हणजे एक जुनी सायकल बारेन्द्रेख्त स्टेशनवर कायमची कुलूप लावून ठेवायची. बरेच लोक तेच करतात.

मेट्रोचाही पर्याय कानावर येईल. हेग सेंट्रल ते स्लिंगे अशी ई लाईन आहे, रॉटरडॅमच्या पोटातून दक्षिणेला जाते. रॉटरडॅम सेंट्रलपर्यंत अर्धा तास लागतो. चांगली आहे, पण बारेन्द्रेख्तला जात नाही. आणि एक लक्षात ठेवा: रेल्वे आणि मेट्रो यांच्या कंपन्या वेगळ्या, कार्ड टेकवायचे खांब वेगळे. रेल्वेच्या खांबावर चेक-इन करून मेट्रोने गेलात तर दोन्हीकडचा हिशेब चुकतो. उतरताना टेकवायला विसरलात तर चिपकार्डावरचे रेल्वेचे २० युरो कापलेलेच राहतात, मेट्रो-ट्रामचे ४. परत मागता येतात, पण अर्ज करावा लागतो.

भाड्याच्या करारावर सही करण्याआधी एचआरला विचारा, प्रवासखर्च कसा देता? किलोमीटरला ०.२३ युरोपर्यंत करमुक्त देता येतो, पण तेवढा द्यायलाच हवा असं बंधन नाही. काही ठिकाणी अंतराला कमाल मर्यादा असते आणि हेग नेमकं त्या मर्यादेच्या बाहेर पडतं.

माझं मत: रॉटरडॅम, आणि तेही दक्षिण. हेग बघायचंच असेल तर समुद्राकडे बघू नका, रुळाकडे बघा: हॉलंड्स स्पोर, मूरवेइक, रायस्वाइक. स्खेवनिंगनला घर घेऊन बारेन्द्रेख्तला नोकरी करणारा माणूस वर्षात घर तरी बदलतो किंवा नोकरी.

संगमावरचा_हरिपूरकर

प्रवासाचं झालं. भाड्याबद्दल सांगतो, कारण शहर तुम्ही निवडता असं तुम्हाला वाटतं. बहुतेक वेळा शहर घरमालक निवडतो.

तुमचा पगार ६,२००. घरमालक किंवा एजंट भाड्याच्या तीनपट ते चारपट ग्रॉस पगार मागतात. तीनपट लावली तर २,०६६ पर्यंत चालतं. साडेतीनपट लावली तर १,७७१. चारपट लावली तर १,५५०. म्हणजे १,८०० चं घर 'परवडतं' हे तुमच्या हिशेबाने, त्यांच्या हिशेबाने बऱ्याचदा नाही. बायकोचा पुण्याचा पगार सहसा धरत नाहीत. तेव्हा शोध १,५०० ते १,७५० मध्ये ठेवा आणि कागद आधीच एका पीडीएफमध्ये तयार ठेवा: नोकरीचा करार, पासपोर्ट, आयएनडीचं, म्हणजे डच इमिग्रेशन खात्याचं, मंजुरीपत्र आणि कंपनीचं वेर्कखेवर्सफरक्लारिंग. हा शब्द वाचताना दम लागतो, पण अर्थ साधा आहे: हा माणूस आमच्याकडे या पगारावर आहे, असं पत्र. ते पत्र नसेल तर घर दाखवायलाही बोलवत नाहीत.

जाहिरातीत तीन शब्द दिसतील. 'काल' म्हणजे बोडकं: फरशी नाही, पडदे नाहीत, दिव्याच्या जागी वायरी लोंबत असतात. काँक्रीटवर लॅमिनेट आपण घालायचं आणि सोडताना आपणच उचलायचं, किंवा पुढच्या भाडेकरूला विकायचं. 'खेस्तोफेर्ट' म्हणजे फरशी-पडदे आहेत, सामान नाही. 'खेम्योबिलेर्ट' म्हणजे सामानासकट. स्वस्त दिसणारं घर बघून हुरळून जाल आणि ते 'काल' निघेल. ७५ चौरस मीटरला लॅमिनेट, खालचा फोम आणि मजुरी धरून दोन हजार युरो सहज जातात, पडदे-दिवे वेगळे.

कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, फक्त माहीत पाहिजे. डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, जुलै २०२३ पासून. एजंट मालकाचं काम करत असेल तर त्याने तुमच्याकडून दलाली घेणं बेकायदा. १ जुलै २०२४ पासून नवे करार सरसकट बेमुदत असतात. अपवाद मोजके: विद्यार्थी, किंवा मालक स्वतः परदेशात गेलाय आणि परत येऊन त्याच घरात राहणार आहे, असे. 'तुम्ही एक्स्पॅट आहात म्हणून एक वर्षाचाच करार' असं कुणी म्हणालं तर ते कायद्यात बसत नाही.

आणि गुणांची पद्धत. घराचं क्षेत्रफळ, ऊर्जा लेबल (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट), स्वयंपाकघर, सरकारी मूल्यांकन यावरून गुण ठरतात. १८६ किंवा त्याहून कमी गुणांच्या घराचं भाडं २०२५ च्या करारात महिना १,१८४.८२ युरोच्या वर नेता येत नव्हतं. त्या वर्षापासून मालकाने नव्या कराराला गुणांचा तक्ता जोडणं बंधनकारक आहे. १,६०० मागणाऱ्याकडे तक्ता मागा, १८७ तरी भरले पाहिजेत. शंका असेल तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकमिसीकडे, म्हणजे भाडे लवादाकडे जाता येतं. पहिल्याच दिवशी मालकाशी भांडू नका. किल्ली हातात आल्यावर अर्ज करा.

आता दोन शहरांतला फरक. रॉटरडॅमचा मध्यभाग १४ मे १९४० च्या बॉम्बफेकीत बेचिराख झाला, म्हणून तिथल्या इमारती नंतरच्या: लिफ्ट आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या, स्टोअररूम खाली. गरम पाणी आणि हीटिंग पुष्कळ ठिकाणी शहराच्या जाळ्यातून येतं. तिथं कंपनी बदलायची सोय नाही आणि कनेक्शनचा ठरावीक आकार वापर नसला तरी द्यावाच लागतो. हेगमध्ये जुनी घरं जास्त. दिसायला देखणी. रस्त्यावरून दगडी जिना थेट पहिल्या मजल्यावर जातो, तिथं तीन-चार दारं, आणि दारामागे आणखी एक उभा अरुंद जिना. बाबागाडी आणि किराणा घेऊन तो चढून बघा, मगच सही करा. फ्रीज-सोफा खिडकीतून, बाहेरून शिडीची लिफ्ट लावून चढवतात, तिचं भाडं वेगळं. ऊर्जा लेबल ई-एफ-जी असेल तर हिवाळ्यात भाड्यात वाचलेले शंभर युरो गॅसमध्ये जातात.

दोन प्रश्न पहिल्याच मेलमध्ये विचारा: या पत्त्यावर आम्हा तिघांची महापालिकेत नोंदणी होईल का? आणि या वस्तीत राहायला महापालिकेचा परवाना लागतो का? रॉटरडॅमच्या दक्षिणेला काही वस्त्यांत तो लागतो. पगारदार माणसाला मिळतो, पण अर्जात वेळ जातो. नोंदणीला नकार देणारं घर कितीही स्वस्त असो, घ्यायचं नाही. नोंदणी नाही तर बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, नाही, आणि त्याच्याशिवाय पगार, विमा, शाळा सगळं अडतं. घर न बघता, 'मालक सध्या परदेशात आहेत, किल्ली कुरिअरने येईल' असं सांगून पैसे मागणारे सगळे भामटे. एक तरी माणूस प्रत्यक्ष उंबऱ्यात उभा राहिल्याशिवाय एक युरो पाठवू नका.

गावभागातली

वरच्या दोघांनीही नवऱ्याच्या नोकरीवरून घर ठरवलं. तिघं चाललेत, एक नाही.

मुलीचं बघा. पाच वर्षं पूर्ण झाल्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शाळा सक्तीची, चौथ्या वर्षापासून बहुतेक मुलं जातातच. साडेचारच्या मुलीला साध्या डच शाळेत थेट घेतात, वेगळा भाषावर्ग सहसा सहा वर्षांपासून पुढच्यांना. डच शाळेला फी नाही, थोडी ऐच्छिक वर्गणी असते. पाच-सहा वर्षं राहायचं मनात असेल तर डच शाळाच घाला. या वयात मूल भाषा आपसूक उचलतं. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर इंग्रजी शाळा. त्यात दोन प्रकार आहेत. सरकारी अनुदानाच्या आंतरराष्ट्रीय शाळा, प्राथमिकला वर्षाला पाच-सात हजार युरो. हेगमध्ये एचएसव्ही, रॉटरडॅममध्ये दे ब्लेइबेर्ख. प्रवेशासाठी पालकाची नेमणूक तात्पुरती असल्याचं कंपनीचं पत्र लागतं. दुसऱ्या पूर्ण खासगी, फी कित्येक पटींनी जास्त. हेग आणि शेजारच्या वासेनारमध्ये ब्रिटिश, अमेरिकन अशा मोठ्या शाळा, रॉटरडॅममध्ये पर्याय कमी. म्हणजे 'हेगच्या शाळा चांगल्या' याचा अर्थ 'हेगमध्ये इंग्रजी शाळा जास्त' एवढाच. डच शाळेत घालणार असाल तर हा मुद्दा निकालात निघतो.

शाळा दुपारी दोन-तीनला सुटते, बुधवारी बऱ्याच ठिकाणी साडेबारालाच. सहाच्या पाळीच्या चार महिन्यांत सकाळी मुलीला कोण सोडणार आणि दुपारी कोण आणणार, हे आत्ताच ठरवा. शाळेनंतरच्या पाळणाघराला प्रतीक्षा यादी असते. व्हिसा आला की त्याच दिवशी नाव घाला. सरकारी पाळणाघर भत्ता दोघंही कामाला असतील तरच मिळतो.

ताईंच्या नोकरीचं. त्यांच्या परमिटच्या मागे 'काम करायला मुभा, वेगळा परवाना नको' अशा अर्थाची ओळ असते, तेव्हा त्या कुठंही नोकरी करू शकतात. पण पुण्याची नोकरी लॅपटॉपवरून तशीच चालू ठेवू म्हणत असतील तर सावध. इथं राहून केलेल्या कामाचा कर इथं लागतो, पुण्यात टीडीएस कापला म्हणून सुटका नाही, आणि बऱ्याच कंपन्या असं परवानगीशिवाय केलं तर करारभंग धरतात. हेगमध्ये आंतरराष्ट्रीय संस्था पुष्कळ म्हणून आशा लावून बसू नका. युरोपोलसारख्या ठिकाणी युरोपीय नागरिकत्वच लागतं. टेस्टिंगची नोकरी रॉटरडॅम, हेग, डेल्फ्ट कुठंही सापडेल, ॲमस्टरडॅम-उट्रेख्तमध्येही. म्हणून तिच्यासाठी घर मोठ्या स्टेशनाजवळ असणं जास्त कामाचं. दक्षिण रॉटरडॅमच्या एखाद्या कोपऱ्यात गोदामाला जवळ पण स्टेशनाला लांब असं घर घेतलंत, तर तुमचा वाचलेला अर्धा तास ताईंच्या खात्यातून जाईल.

आपली माणसं म्हणाल तर हेगमध्ये खरी गर्दी सुरिनामी हिंदुस्तानींची. १८७३ मध्ये लल्ला रूख जहाजातून बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत उतरले, त्यांचे वंशज. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारोंनी नेदरलँड्सला आले. घरात सरनामी बोलतात, भोजपुरीच्या जवळची. देवळं, लग्नाच्या साड्या, सोन्याची दुकानं पॉल क्रूगरलानवर. पण ते 'भारतीय' समुदाय म्हणून तुम्हाला धरून घेतील असं समजू नका. त्यांचं घर सुरिनामची राजधानी पॅरामारिबो, आपलं सांगली. ओळख व्हायला वेळ लागतो आणि झाली की पक्की होते.

माझं मत रायस्वाइक किंवा डेल्फ्ट. दोन्ही त्याच स्प्रिंटरवर. डेल्फ्टला विद्यार्थ्यांमुळे घरांची मारामारी आहे, हे खरं.

बेदाणा_तासगाव

बापरे, एवढं नेमकं कुणी सांगत नाही. आभार. दोन शंका. बायकोचा जन्मदाखला माहेरच्या नावाचा आणि नुसता मराठीत, पासपोर्ट सासरच्या आडनावाचा. अडेल का? आणि पुराचं कुणीच बोललं नाही.

मोडी_ते_देवनागरी

अडेल, आणि आत्ता सांगलीत असताना सोडवायला आठ दिवस लागतील, तिकडून सहा महिने.

नेदरलँड्समध्ये लग्नाने बाईचं कायदेशीर आडनाव बदलत नाही. जन्माचं तेच कायम, नवऱ्याचं फक्त वापरापुरतं. त्यामुळे महापालिकेतला माणूस जन्मदाखला आणि पासपोर्ट समोरासमोर धरतो आणि विचारतो की या दोन बायका एकच कशावरून? दुवा जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ज्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव आहे. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद केली असेल तर तोही अंक घ्या.

जिथं जन्मनोंद आहे त्या महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी दाखला नव्याने काढा. जुन्या दाखल्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. तसं असेल तर आधी नाव लावून घ्या. इंग्रजीत असलेला कागद तिथं भाषांतराशिवाय चालतो, नुसता मराठी असेल तर अधिकृत भाषांतरकार लागतो. मग मुंबईला मंत्रालयात राज्याचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. तिघांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र असे चार कागद. अपोस्टिल मूळ कागदाला लागतं, लॅमिनेशन केलेल्या कागदाला नाही. आपल्याकडे लोक हौसेने लॅमिनेट करून ठेवतात आणि नवा काढायची पाळी येते. गंमत म्हणजे हा अपोस्टिलचा करारच १९६१ चा 'हेग करार'.

वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लिहायची आपली पद्धत तिकडे नाही. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये दोन्ही नावं असतील तर ती दोन्ही पहिली नावं होतात. तिकीट, विमा, बँक, शाळा सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न अक्षर लिहा.

पोचल्यावर पाच दिवसांत महापालिकेत नोंदणीची वेळ मागायची. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत, पण हप्ता मागच्या तारखेपासून लागतो, तेव्हा लांबवून फायदा नाही. १८ खालच्यांना हप्ता नाही. मोठ्यांनी वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरायचे, फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यातून वगळलेलं. डॉक्टर पिनकोडनुसारच घेतात आणि दोन्ही शहरांत 'जागा नाही' ची पाटी नेहमीची. विमा कंपनीला सांगा, शोधून देणं त्यांचं काम. ३० टक्के रुलिंगचा अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो. २०२७ पासून तो २७ टक्के होणार, हेही बजेटमध्ये धरा. त्याच रुलिंगमुळे आपला भारतीय वाहन परवाना परीक्षेविना बदलून मिळतो, बायकोचाही. रुलिंग नसेल तर १८५ दिवसांनी भारतीय परवाना बाद.

आयर्विन_४५_फूट

पुराचं मी घेतो.

घरच्यांना आधी हे सांगा की दोन्हीकडचं पाणी वेगळं. आपल्याकडे पाऊस, धरणांचा विसर्ग आणि फुगवटा यांमुळे कृष्णा चढते, सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या आसपास. तयारीला एक-दोन दिवस मिळतात. रॉटरडॅमला धोका समुद्राकडून, वादळाने लोटलेल्या पाण्याचा. त्यासाठी हूक ऑफ हॉलंडजवळ मास्लांटकेरिंग हे फाटक १९९७ पासून उभं आहे. दोन अजस्र कमानी नदीत वळून येतात. पाणी तीन मीटरच्या वर जाणार असा अंदाज आला की संगणकच ते बंद करतो. २१ डिसेंबर २०२३ च्या वादळात ते तसं आपणहून बंद झालं.

समुद्रसपाटीखाली असण्याची भीती बाळगू नका, पण घर बांधाच्या आत आहे की बाहेर, हे विचारा. 'बाउटनदेइक्स' म्हणजे बांधाबाहेरचं. मजेची गोष्ट अशी की हा भाग उंच भरावावर असतो, समुद्रसपाटीच्या वर, तरीही मोठ्या भरतीला पाणी तिथंच आधी येतं. नूर्डरएलांड बेटावर धक्क्यावर पाणी चढणं नवं नाही. कोप फान झाउडची दिमाखदार टॉवरंही बांधाबाहेरचीच, तिथं तळमजल्याची स्टोअररूम आणि पार्किंग बघून घ्या. उलट प्रिन्स अलेक्झांडर भाग सहाएक मीटर खाली असून बांधाच्या आत कोरडा. हेगला समुद्राच्या बाजूला वाळूच्या टेकड्या आहेत, त्या बाजूचं शहर तुलनेनं उंचावर.

घरसामानाचा विमा घेताना एकच ओळ वाचा. छोट्या कालव्याचा बांध फुटला तर बऱ्याच पॉलिसी भरतात, समुद्राचा किंवा मोठ्या नदीचा मुख्य बांध फुटला तर नाही. दोन्ही शहरांत जलमंडळाचा कर वेगळा येतो, घर भाड्याचं असलं तरी. हेगला डेल्फलांड, बारेन्द्रेख्त आणि दक्षिण रॉटरडॅमला होलांड्से डेल्टा. बिल आलं की चुकून आलं म्हणून फेकू नका.

पैलतीर

स्वयंपाकाचं राहिलं, थोडक्यात. वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. मिक्सर न्या, फक्त आपली तीन गोल पिनांची टोपी बसत नाही. अर्थिंगवाला ॲडॅप्टर आपल्याकडूनच घ्या. नव्या घरांत गॅस नसतो, इंडक्शन असतं. ॲल्युमिनियमचा कुकर आणि मातीचा तवा त्यावर गरम होत नाही. लोखंडी किंवा बिडाचा, बुडाला सपाट तवा न्या. भाकरी विस्तवावर फुगवायची सोय नाही, ती तव्यावरच कापडाने दाबून फुगवावी लागते.

भाज्या: हेगचा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. रॉटरडॅमला ब्लाकचा मंगळवार आणि शनिवार, दक्षिणेला आफ्रिकांडरप्लाइनचा बुधवार आणि शनिवार. सुरिनामी नावं लक्षात ठेवा: सोप्रोपो म्हणजे कारलं, ओकर म्हणजे भेंडी, काउसनबांड म्हणजे चवळीच्या लांब शेंगा. त्यामुळे खाण्यापिण्यासाठी म्हणून हेग निवडायची गरज नाही.

बेदाणा_तासगाव

कंपनीने गोदामाचा पिनकोड दिला. स्टेशनपासून सायकलने चौदा मिनिटं. समोर दोन घरं आहेत. एक, लोम्बार्दाइएन स्टेशनजवळ, ७४ चौ. मी., 'काल', लेबल बी, १,५५०. दुसरं हेगला बेझाउडनहाउट, ६८ चौ. मी., 'खेस्तोफेर्ट', लेबल ई, दुसरा मजला, १,७५०. बायकोचा कल हेगकडे.

संगमावरचा_हरिपूरकर

हिशेब मांडा. पहिल्यात फरशी, पडदे, दिवे मिळून तीन हजार. महिना २०० वाचतात, म्हणजे पंधरा महिन्यांत फिटतात. लेबलमधला फरक धरला तर त्याआधीच. चारपटीचा नियम लावणारा मालक असला तरी १,५५० मध्ये तुम्ही बसता. १,७५० मध्ये तीनपट-साडेतीनपटवालाच भेटायला हवा. बेझाउडनहाउट हेग सेंट्रलच्या मागेच, भाग उत्तम, पण दारापासून गोदामापर्यंत चालणं, गाडी, सायकल धरून सत्तर मिनिटं. लोम्बार्दाइएनहून थेट सायकलने गेलात तर पंचवीस.

लोम्बार्दाइएनच्या मालकाला आज मेल करा आणि तीन गोष्टी मागा: गुणांचा तक्ता, आधीच्या भाडेकरूची फरशी अजून आहे का आणि कितीला देतो, आणि खालच्या स्टोअररूममध्ये चार्जिंगचा सॉकेट आहे का. जुनी फरशी तीन-चारशेला मिळाली तर पंधरा महिन्यांचा हिशेबच उरत नाही.

गावभागातली

आणि मेल करण्याआधी ताईंना ९२९२ वर लोम्बार्दाइएन ते हेग सेंट्रल आणि लोम्बार्दाइएन ते उट्रेख्त बघायला सांगा. तीच स्प्रिंटर उलट्या दिशेनेही जाते. तिथून रोज नोकरीला जायची त्यांची तयारी असेल तर मग घ्या.

बेदाणा_तासगाव

बघितलं दोघांनी. हेग सेंट्रलला गाडी बदलावी लागत नाही, तिचं चालतंय म्हणते. मेल गेला. फरशी आहे, मालक विचारून सांगतो म्हणाला.